कुत्र्याने कॉफी खाल्ली तर: बशीतला चहा, पाकिटातली पूड आणि दवाखान्यापर्यंतचे दोन तास

वेळणेश्वरजवळ पर्यटकांची घरगुती राहण्या-जेवण्याची सोय करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा वाघ्या गावठी, सहा वर्षांचा, वजन १६ किलो. सासरे रोज सकाळी पडवीत बसून त्याला बशीत थोडा चहा ओततात, पिल्लू असल्यापासून. गेल्या शनिवारी रात्री पाहुण्यांनी खोलीबाहेर ठेवलेलं इन्स्टंट कॉफीचं पाकीट त्याने फाडलं आणि पूड चाटली. ५० ग्रॅमचं पाकीट, अर्ध्याहून थोडं कमी संपलेलं दिसलं. मग रात्रभर धापा, अंगणात येरझाऱ्या, सारखं पाणी, सारखी लघवी. एकदा ओकला. घरच्यांनी ताक पाजलं. पहाटे छातीला हात लावला तर काळीज धडधडत होतं. रविवारी दुपारपर्यंत शांत झाला, जेवला. त्या विचारतात: बशीतला चहा बंद करायचा का? सासरे म्हणतात, इतकी वर्षं काही झालं नाही. पुन्हा असं घडलं तर काय करायचं? त्याला खाजेसाठी अँटिबायोटिक चालू आहे आणि पुढच्या आठवड्यात लस आहे, त्याचं काय?

ताई, वाघ्या वाचला, बरं वाटलं. पण तो थोडक्यात वाचला आहे, आणि किती थोडक्यात ते आकड्यांत बघायला हवं.

शुद्ध इन्स्टंट कॉफीत वजनाच्या साधारण ३ टक्के कॅफीन असतं, म्हणजे एका ग्रॅममागे सुमारे ३० मिलिग्रॅम. चिकोरी मिसळलेली असेल तर चिकोरीच्या प्रमाणात कमी, कारण चिकोरीत कॅफीन नसतं. वाघ्याच्या पोटात २० ग्रॅम शुद्ध कॉफी गेली असं धरलं, तर ६०० मिलिग्रॅम कॅफीन झालं. १६ किलोने भागलं की किलोमागे ३७ मिलिग्रॅम. आम्ही पशुवैद्य जे हिशेब डोक्यात ठेवतो ते असे: किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास अस्वस्थपणा, उलटी, जास्त तहान सुरू होते. ४० ते ५० ला हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू लागते. ६० च्या पुढे झटके, म्हणजे फिट, येऊ शकतात. १४० च्या आसपास गेलं तर निम्मी कुत्री उपचाराविना दगावतात. म्हणजे तुमचा वाघ्या दुसऱ्या पायरीच्या तोंडाशी होता आणि तो ओकला ही त्याची नशिबाची बाजू. त्याने आणखी १२ ग्रॅम चाटली असती तर झटक्यांच्या हद्दीत गेला असता, आणि तेवढी पूड त्याच पाकिटात शिल्लक होती.

हाच हिशेब पाच किलोच्या पॉमेरेनियनला लावा. त्याच्यासाठी झटक्यांची हद्द १० ग्रॅमवर येते, पाच-सहा चमचे. दोन किलोच्या पिल्लाला चार ग्रॅम पुरे, म्हणजे दोन चमचे. या पायऱ्या दगडावर कोरलेल्या नाहीत. एखाद्या कुत्र्याला यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, आधीपासून फिट येत असतील, तर त्याहून कमी मात्रेतही त्रास होतो. पिल्लांचं यकृत अजून तयार झालेलं नसतं. आणि कुत्री पिल्लांना पाजत असेल तर कॅफीन दुधातून पिल्लांपर्यंत पोचतं.

‘कुत्र्याला कॅफीन पचतच नाही, म्हणून ते विष’ असं बरेच जण सांगतात. ते तितकंसं खरं नाही. कुत्र्याच्या रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण साडेचार तास लागतात, माणसालाही सरासरी पाच तास लागतात. फारसा फरक नाही. चॉकलेटमधल्या थिओब्रोमिनची गोष्ट वेगळी. ते कुत्र्यात निम्मं व्हायलाच साडेसतरा तास घेतं, माणसाच्या दुपटीने. कॅफीनच्या बाबतीत कुत्र्याचा घात होतो तो दोन कारणांनी: अंगाने तो लहान, आणि खाताना थांबत नाही. आपण चमचाभर घेतो, तो पाकीट संपवतो.

पोटात गेल्यावर ते करतं काय? मेंदूत अॅडेनोसिन नावाचं एक रसायन असतं, शरीराला ‘आता दमलास, सावकाश’ असं सांगणारं. ते ज्या जागी जाऊन बसतं ती जागा कॅफीन अडवतं. शिवाय अॅड्रेनलिनच्या जातीची रसायनं उसळतात आणि स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम वाढतं, म्हणून हृदय जोरात आणि स्नायू अखंड आखडतात. आखडलेले स्नायू उष्णता तयार करतात. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. आणि आपल्याकडे किनाऱ्याला एप्रिल-मे मध्ये हवा इतकी दमट असते की धापा टाकून जिभेवरची ओल उडतच नाही. त्यामुळे तेवढीच कॉफी खाल्लेला कुत्रा देशावर जितका तापेल त्याहून इथे लवकर तापतो. हा धोका कुत्रा पाळणाऱ्यांच्या लक्षात येत नाही म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

माझ्या टेबलावर आलेलं एक पॉमेरेनियन अजून डोळ्यांसमोर आहे. पाहुण्यांच्या बॅगेतली व्यायामाआधी घ्यायची पूड त्याने खाल्ली होती. या पुडींच्या एका मापात १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असतं. स्टीलच्या टेबलावर त्याच्या नखांचा टकटक आवाज थांबत नव्हता, कारण चारही पाय थरथरत होते. हिरड्या विटेसारख्या लाल. कोपराच्या मागे छातीवर तळवा ठेवला तर ठोके मोजता येत नव्हते, नुसती फडफड लागत होती, मध्येच एक ठोका चुकल्यासारखा. ताप १०५ अंश फॅरनहाइट. त्याच्या मालकाने वाटेत दूध पाजलं होतं, मीठ-पाणी पाजलं होतं आणि कुणीतरी सांगितलं म्हणून चुलीतला कोळसाही कुटून दिला होता. तिन्ही गोष्टी मनापासून केलेल्या, एकही उपयोगाची नव्हती.

त्या तिन्हींबद्दल आता सांगते, कारण आपल्याकडे घरोघरी हेच होतं.

दूध किंवा ताक कॅफीनला मारत नाही. तुम्ही ताक दिलंत त्याने वाघ्याचं वाईट झालं नाही, भलंही झालं नाही. मीठ-पाणी मात्र कधीच नको. कुत्रा ओकला नाही तर ते सगळं मीठ रक्तात जातं, सोडियम वाढतं आणि त्यानेही झटके येतात. मग डॉक्टरपुढे दोन विषं उभी राहतात. घशात बोटं घालून ओकवू नका, चावा बसेल आणि पोटातलं फुफ्फुसात जाईल. चुलीतला कोळसा आणि औषधी कोळसा यांत फरक आहे. औषधी कोळसाही करवंटीपासून किंवा लाकडापासून बनवतात हे खरं, पण त्यावर वाफेची किंवा रसायनांची प्रक्रिया करून त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडलेली असतात आणि त्या छिद्रांत विष धरलं जातं. चुलीतल्या निखाऱ्यात ती ताकद नाही.

ओकवणं हा खरा उपाय आहे, पण त्याची वेळ ठरलेली. कॅफीन अर्ध्या ते एका तासात रक्तात चांगलंच चढतं, लक्षणं एक-दोन तासांत दिसतात. खाल्लेलं लगेच कळलं, कुत्रा अजून नेहमीसारखा आहे, शुद्धीत आहे, तेवढ्याच वेळात ओकवण्यात अर्थ. थरथर सुरू झाली, कुत्रा बधिर झाला किंवा झटका येऊन गेला, की नाही. चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांना घरी ओकवूच नये. काही डॉक्टर फोनवर हायड्रोजन पेरॉक्साइड सांगतात. त्यासाठी ३ टक्क्यांचं द्रावण लागतं, आपल्या औषधाच्या दुकानात बहुतेकदा ६ टक्क्यांचं मिळतं, आणि ते तसंच पाजलं तर जठराचं अस्तर भाजतं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि बाटलीवरचा टक्का त्यांना वाचून दाखवल्यावरच. माप तेच सांगतील.

आता तुमच्या जागेचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा आहे. वेळणेश्वरहून चिपळूण गाठायचं तर दीड-दोन तास. पलीकडे रत्नागिरीला जायचं तर खाडी आडवी, आणि रात्री उशिरा फेरीबोट नसते. पुण्या-मुंबईतला माणूस ‘लक्षणं दिसली की दवाखान्यात नेतो’ म्हणू शकतो. तुम्ही लक्षणांची वाट बघितलीत तर दवाखान्यात पोचेपर्यंत कॅफीन पूर्ण चढलेलं असेल आणि ओकवण्याची वेळ निघून गेलेली असेल. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने निर्णय खाल्लेल्या मात्रेवर घ्यायचा, कुत्र्याच्या चेहऱ्यावर नाही. पूड किती गेली, कुत्र्याचं वजन किती, हे दोन आकडे हातात असले की फोनवर कुठलाही पशुवैद्य मिनिटभरात सांगेल की निघा की घरीच थांबा. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या जवळ जात असेल तर मी निघा म्हणेन. कुत्र्याचं वजन माहीत नसतं हीच नेहमीची अडचण. भाताच्या गिरणीवरच्या काट्यावर त्याला घेऊन उभं राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा, आणि तो आकडा फोनमध्ये डॉक्टरांच्या नंबराशेजारीच लिहून ठेवा. १९६२ हा पशुवैद्यकीय फिरत्या पथकांचा निःशुल्क क्रमांक आहे, पण ती पथकं मुख्यत्वे गाईगुरांसाठी. रात्री-अपरात्री फोन उचलतील असे चिपळूण-गुहागरकडचे दोन पशुवैद्य आधीच बोलून ठेवा. निघताना फाटलेलं पाकीट बरोबर घ्या.

वाटेत आणि वाट बघताना काय करायचं तेही सांगते. कुत्र्याला अंधाऱ्या, शांत जागी ठेवा, पोरांचा गलका नको. कोपराच्या मागे डाव्या बाजूला हात ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. वाघ्याएवढ्या कुत्र्याचे स्वस्थ पडलेला असताना ७० ते १२० असतात. निजलेला असूनही १६० च्या वर जात असतील तर धोका. श्वासाबरोबर ठोके थोडे जलद-सावकाश होणं कुत्र्यात नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. पण मध्येच रिकामा जाणारा ठोका, मग एकदम दोन-तीन घाईचे, हे लक्षण डॉक्टरला सांगण्याचं आहे. गुदद्वारातून ताप बघा. १०४ च्या वर गेला तर पोटाला, जांघेत, पावलांना नळाचं साधं पाणी लावा आणि पंखा लावा. बर्फ नको, त्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. १०३ ला आला की पाणी लावणं थांबवा.

आणि त्याला दर दोन तासांनी लघवीला बाहेर न्या, साखळीला धरून, चालवत. वाघ्याची सारखी लघवी हा त्रास वाटला असेल, पण ती त्याच्या कामी आली. लघवीत उतरलेलं कॅफीन मूत्राशयाच्या भिंतीतून परत रक्तात शोषलं जातं. मूत्राशय रिकामं राहिलं की ते परत शिरत नाही. म्हणूनच गंभीर केसमध्ये आम्ही लघवीची नळी घालतो.

दवाखान्यात सलाईन, औषधी कोळसा, थरथरीसाठी डायझेपाम किंवा मेथोकार्बामॉल, ठोके फार वाढले तर बीटा ब्लॉकर, लय बिघडली तर लिग्नोकेन, असे उपचार होतात. उतारा असं एक औषध नाही. शरीर कॅफीन बाहेर टाकेपर्यंत कुत्र्याला तगवायचं, ते बारा तास ते दीड-दोन दिवस चालतं. माझ्या तरुण सहकाऱ्यांना इथे एक विनंती: धाप आणि ताप बघून सवयीने डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड टोचू नका. स्टेरॉइड आणि एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, दोन्ही कॅफीन-थिओब्रोमिनच्या गटातल्या विषांचा निचरा मंद करतात.

हे सगळं कॅफीनच आहे ना, याची खात्री करणंही आपल्याकडे सोपं नाही. मोहराच्या दिवसांत आंब्यावर फवारणी झालेली असते. त्यातल्या काही कीटकनाशकांच्या विषबाधेत लाळ गळते, पातळ शी होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. पावसाळ्यात बेडूक तोंडात धरल्यावर एकदम फेसाळ लाळ येते. फुरसं चावलं असेल तर सूज आणि रक्तस्राव. एकाएकी झटके आले आणि खाल्लेल्या वस्तूचा पुरावा नाही, तर घरी अंदाज बांधत बसू नका.

आता सासऱ्यांच्या बशीकडे येते. त्यांचं म्हणणं वरवर खोटं नाही. उकळलेल्या दुधाच्या चहाच्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं. बशीत ओतलेल्या तीन-चार घोटांत १० ते १५. वाघ्याच्या वजनाला ते किलोमागे एक मिलिग्रॅमसुद्धा होत नाही. त्याने त्याला विषबाधा होणार नाही आणि इतकी वर्षं झाली नाही. तरीही मी बंद करा म्हणते. एक म्हणजे वाघ्या म्हातारा होईल. आठ-दहाव्या वर्षी काही कुत्र्यांच्या हृदयाच्या झडपा सैल होऊ लागतात आणि तेव्हा हीच बशी त्या हृदयाला नकोशी होते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या बशीने त्याला चहा-कॉफीच्या वासाची गोडी लावली आहे. कॉफीची पूड कडू असते, बरीच कुत्री तिला तोंड लावून सोडून देतात. वाघ्याने अर्धं पाकीट चाटलं. त्याच्या लेखी तो वास म्हणजे आजोबा, दूध आणि साखर. उद्या चहाच्या पुड्याशी गाठ पडली तर? कोरड्या चहापत्तीतही दोन ते तीन टक्के कॅफीन असतं, म्हणजे १०० ग्रॅमच्या पुड्यात दोन ते तीन हजार मिलिग्रॅम. पत्तीतून ते सावकाश सुटतं, एवढाच काय तो दिलासा.

आजोबांची आणि वाघ्याची सकाळ मोडू नका. त्याच बशीत, त्याच वेळी, कोमट पेज द्या, मीठ न घालता. दोन-चार दिवस बशीकडे बघून तोंड फिरवेल, मग पिईल. चहात बुडवलेला बटर किंवा टोस्टही बंद.

चहाचा चोथा गुलाबाच्या आळ्यात टाकता ना? घरच्या चोथ्यातलं बरंचसं कॅफीन चहात उतरून गेलेलं असतं, मूठभराने काही होत नाही. पण पाहुण्यांच्या हंगामात दिवसाला पन्नास कप चहा होत असेल तर ढीग साठतो, आणि पावसात त्या ढिगाला बुरशी येते. काही बुरशींचं विष कुत्र्याला थरथर आणि झटके आणतं, कॅफीन नसलं तरी. चोथा मातीत पुरा.

पाहुण्यांच्या सामानात काय असतं ते तुम्ही माझ्याहून जास्त बघता. कोल्ड्रिंकचा उरलेला घोट मला सतावत नाही, त्यात कॅफीन थोडं असतं. २५० मिलीच्या एनर्जी ड्रिंकच्या डब्यात ७५-८० मिलिग्रॅम, मोठ्या कुत्र्याला एका डब्याने फार नाही, लहानाला आहे. खरी भीती कोरड्या आणि दाट गोष्टींची: कॉफी पूड, व्यायामाच्या पुडी, कॅफीनच्या गोळ्या, गडद चॉकलेट, आणि त्याहूनही कोको पावडर, तिच्या एका ग्रॅममध्ये पंचवीसेक मिलिग्रॅम थिओब्रोमिन आणि वर थोडं कॅफीन. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर कॅफीन घातलेलं असतं, तिथे कुत्र्याला पॅरासिटामॉलचाही धोका. शुगर-फ्री च्युइंगगममध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ असेल तर तो कॅफीनहून वाईट, अर्ध्या तासात कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरते. घरातल्या कुणाला दम्यासाठी थिओफिलिनच्या गोळ्या असतील तर त्याही कॅफीनच्याच कुळातल्या. खोलीत झाकणाचा डबा ठेवा आणि पाहुणे आले की तोंडाने सांगा: खाण्याचं आणि औषधं यात, बाहेर नको, कुत्रा आहे. भिंतीवरच्या पाट्या कुणी वाचत नाही.

खाजेच्या अँटिबायोटिकचं पाकीट बघा. त्यावर एन्रोफ्लॉक्सासिन असेल तर ते थिओफिलिनचा कुत्र्यातला निचरा मंद करतं हे माहीत आहे, आणि कॅफीन त्याच वाटेने यकृतातून जातं. वाघ्याची अस्वस्थता दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लांबली, त्यात या गोळीचा हात असू शकतो. गोळी स्वतःहून मध्येच बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना शनिवारचा प्रकार सांगा. लस पुढे ढकलण्याची गरज मला दिसत नाही, तो नीट जेवत-खात असेल आणि ताप नसेल तर. मात्र त्याच भेटीत डॉक्टरांना त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ठोका चुकतो का ते ऐकायला सांगा. चुकत असेल तर ईसीजी काढावा लागेल, त्यासाठी चिपळूणला जावं लागलं तरी जा.